गोष्ट ऐकल्याचे पॉइंट्स

मंदा माझ्या गोष्टी ऐकत नाही, हे तिनं लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. "तुम्हाला बोलून बरं वाटतं ना, मग बोला. पण मी ऐकतेय असं समजू नका," एवढं सांगून ती मेथी निवडायला बसली, आणि मी समोर पाट ओढून जो बोलत राहिलो तो आजतागायत. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला गोष्टींचा काय तोटा? कोयनेच्या बाजूला जंगल, जंगलात वाघ, बिबटे, अस्वलं, आणि पुण्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून हे सगळं फायलींत वाचणारा मी. प्रत्यक्ष वाघ मी एकदाच पाहिला, सर्कशीत, आणि तोही झोपला होता. पण माझ्या गोष्टीतला वाघ कधी झोपला नाही.

रिटायर झालो तसं प्रसादनं, आमच्या मुलानं, आम्हाला न्यूझीलंडला बोलावून घेतलं. तो इथं शिकायला आला, नोकरीला लागला, उत्तराशी लग्न झालं, स्वरदा झाली. ऑकलंडमध्ये हिल्सबरोला त्यांचं घर. घर टेकडीवर आणि बसस्टॉप टेकडीखाली. मधला रस्ता असा उभा की एकदा मी घाईनं उतरायला लागलो, तर माझ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, माझ्याआधी खाली पोचल्या आणि बस त्यांना घेऊन गेली. मंदा म्हणते, त्या मीच पार्कात विसरलो. असेल.

त्या टेकडीमुळेच बासष्टाव्या वर्षी मंदानं गाडी शिकायचं ठरवलं. पुण्यात तिनं सायकलसुद्धा हातात धरून नेली होती, बसून नाही. मला इथं गाडी चालवायची मुभा नाही, कारण माझ्या डाव्या डोळ्याला फक्त गोष्टीतलं दिसतं. मंदानं मात्र लर्नर, रिस्ट्रिक्टेड, फुल अशा सगळ्या पायऱ्या रीतसर चढल्या. शिकवायला फिजीचे एक गृहस्थ येत. पहिल्या धड्याला त्यांचे केस काळेभोर होते, शेवटच्या धड्याला ते हिमालयातून तप करून आल्यासारखे दिसत होते.

फुल लायसन्स आलं त्या दिवशी तिनं ते देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, मग पर्समध्ये टाकलं आणि मला म्हणाली, "चला. कुठं जायचंय?"

चाळीस वर्षं हा प्रश्न आमच्याकडे मी विचारत होतो आणि उत्तरही मीच देत होतो. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. तिला सुचलं. आम्ही समुद्रावर गेलो, तिथं तिनं साडी घोट्यापर्यंत उचलून पाय ओले केले आणि परत आलो. एवढंच. पण परत येताना तिचा चेहरा असा होता की मी कोयनेची एकही गोष्ट मध्ये आणली नाही.

प्रसादनं तिला दिलेली गाडी जुनी, जपानहून आलेली. अशा गाड्यांचा रेडिओ जपानच्या हिशोबाचा असतो, त्याला इथली स्टेशनं धड लागत नाहीत. आमच्या गाडीत त्यावर नुसती खरखर यायची. म्हणजे करमणूक म्हणून गाडीत मीच.

पहिलं तिकीट मिळालं ते बिबट्यामुळे. आम्ही सँडरिंगहॅमहून पोहे, डाळी, कढीपत्ता असं सामान घेऊन परत येत होतो. मी सांगत होतो की साहेबांची जीप घाट उतरतेय, ड्रायव्हर मजेत शीळ घालतोय, आणि अचानक त्याच्या मानेवर मागच्या सीटवरून कुणाचा तरी गरम श्वास आला. तो आरशात बघतो तर काय, साहेबांच्या जागी, साहेबांसारखाच मागं रेलून—

इथं आमच्याच आरशात लाल-निळे दिवे लुकलुकायला लागले.

पोलीस तरुण होता, अदबीनं बोलला. पन्नासच्या रस्त्यावर चौसष्ट. मंदानं लायसन्स दिलं, सॉरी म्हणाली, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "उतार होता."

"हो, उतार होता," मी म्हणालो.

रात्री जेवताना प्रसादनं सगळं समजावून सांगितलं. दंड तर आहेच, पण शिवाय वीस डीमेरिट पॉइंट्स.

"आजी, ट्वेंटी? आउट ऑफ व्हॉट?" स्वरदानं विचारलं.

"शंभरापैकी. पण हे मिळवायचे नसतात, बेटा," प्रसाद म्हणाला. "आई, नीट ऐक. जितका वेग जास्त, तितके पॉइंट जास्त. ते गुन्ह्याच्या तारखेपासून दोन वर्षं तुझ्या नावावर राहतात, मग आपोआप गळतात. पण दोन वर्षांच्या आत शंभर भरले, तर लायसन्स तीन महिन्यांसाठी काढून घेतात."

"आणि ते रस्त्याकडेचे कॅमेरे?" मी विचारलं. "त्यांनी पकडलं तर?"

"तर फक्त दंड. कॅमेऱ्याचे पॉइंट नसतात."

मला ते आवडलं. दंड यंत्रसुद्धा करतं, पण पॉइंट द्यायला समोर माणूस लागतो.

दुसरं तिकीट पानशेतच्या पुराचं. म्हैस पाठीवर घेऊन मी मुठा ओलांडत होतो. (म्हशीला पोहता येतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि म्हैस बिचारी संकोचानं काही बोलली नाही.) पाणी गळ्याशी आलं तेवढ्यात मागं दिवे. या वेळी पस्तीस पॉइंट्स. मग सरकारचं पत्र आलं, की बाई, पन्नासच्या वर गेलात, जपून. सँडरिंगहॅमच्या दुकानात ओळखीच्या वसुंधराबाई भेटल्या, त्यांना कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मंदाताई, पंचावन्न म्हणे? या वयात काही वाईट नाही हो." मंदानं त्यांना समजावून सांगायच्या फंदात न पडता पेढे देईन म्हणून सांगितलं.

आता माझी खोड अशी की गोष्ट रंगात आली की मी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मंदाच्या तोंडाकडे बघून काही उपयोग नसतो, ते पोस्टाच्या पेटीसारखं असतं, आत काय पडलं ते बाहेर दिसत नाही. म्हणून एकदा सहज माझी नजर घसरून समोरच्या वेगाच्या काट्यावर गेली. मी म्हटलं, "अस्वलानं दार ढकललं." काटा पंचावन्न. "दाराला कडी नव्हती." साठ. मी गप्प झालो. काटा हळूहळू खाली आला. मी म्हटलं, "आणि आत बाळ झोपलेलं." काटा वर.

मी दुसऱ्या दिवशी परत करून पाहिलं. मग तिसऱ्या दिवशी. कुठलीही गोष्ट घ्या, शिकारीची, भुताची, नाहीतर खात्यातल्या बदल्यांची, काटा बरोबर जिथं चढायला हवा तिथंच चढायचा. चाळीस वर्षं ही बाई मला सांगत होती की मी ऐकत नाही. आणि तिचा उजवा पाय एक शब्द सोडत नव्हता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. असं सुख सांगायचं नसतं.

तिसरं तिकीट मला टाळता आलं असतं. त्या दिवशी मी आमचीच गोष्ट काढली होती, मी तिला बघायला गेलो तेव्हाची. अर्थात थोडी सजवून. त्यात मी घोड्यावरून गेलो होतो, तिच्या वडिलांनी मला तीन कोडी घातली होती, आणि ती पोह्यांची बशी घेऊन दारात आली तेव्हा गल्लीतले दिवे एकदम लागले होते. दिवे खरं तर गेले होते. शेवट काय झाला तो तिच्याइतका कुणालाच ठाऊक नाही, ती त्या शेवटाच्या शेजारच्याच सीटवर बसली होती. तरी "मग मुलगी म्हणाली—" इथं मी थांबलो, तर काटा सत्तरच्या पुढं. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि बोलायचं विसरलो. पुन्हा पस्तीस. एकूण नव्वद.

त्या दिवशी प्रसाद रागावला नाही, हेच वाईट झालं. तो तिच्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, आता अजून एक तिकीट, की लायसन्स गेलं. आणि एकदा गेलं ना, की मग परत गाडी नको. तीन महिन्यांनी तू मागितलीस तरी मी देणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो. मला ऑफिसात फोन वाजला की भीती वाटते."

"बरं," मंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी धूत होती. घाण नव्हती झाली. काचा पुसून झाल्या तरी ती फडकं हातात घेऊन तिथंच उभी. मी जवळ गेलो.

"माझ्या गोष्टींमुळे होतंय हे," मी म्हणालो.

"काही नाही. मी ऐकतच नाही तुमचं."

"मग मी गाडीत बोलत नाही आजपासून."

"नका बोलू. मला काय फरक पडतो?"

पहिले वीस पॉइंट्स नवरात्राच्या सुमारास गळायचे होते. तोवर दिवस काढायचे म्हणून मी तोंड मिटलं. गाडी पन्नासच्या खाली, सरळ, शहाण्यासारखी. पण मंदा वळणं चुकायला लागली. लायब्ररीला जायचं तर पोस्टापाशी पोचायची. एकदा अवोन्डेलच्या रविवारच्या बाजाराला निघालो, तर सिग्नल हिरवा होऊन मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा तिला जाग आली.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली. "माणसाला झोप येते."

मी दुकानांच्या पाट्या वाचून दाखवल्या. डेअरी, लाँड्री, डेअरी.

"हे नको."

शेवटी मीच तोड काढली. गोष्ट सांगायची, पण गाडी चालू असताना फक्त चढ. शिखर आलं की थांबायचं. तिनं कुठंतरी बाजूला गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा, आणि मगच वाघानं उडी मारायची. मंदा म्हणाली, "तुम्हाला करमणार नसेल तर सांगा तसं. मला काही नाही." पण त्याच दिवशी तिनं मला कुठं कुठं गाडी लावायला जागा असते ते दाखवलं. तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

तो हिवाळा (इथं तो जूनमध्ये येतो) फार चांगला गेला. हिल्सबरोला एका वळणावरून खाली मनुकाऊची खाडी दिसते, ती आमची मुख्य जागा. हँडब्रेकचा करकर आवाज झाला की मी शेवट सांगायचो, आणि मंदा समोर पाण्याकडे बघत "काहीतरीच" म्हणायची. मग थर्मासमधला चहा. एकदा भरती इतकी मोठी आली की पाणी वर येऊन माझा शेवट ऐकून गेलं. गणपती आले, गणपती गेले. नव्वद तसेच होते. नवरात्राला फार दिवस उरले नव्हते.

आणि त्या दिवशी आमच्या वळणावर रस्त्याचं काम निघालं होतं. नारिंगी शंकू ओळीनं मांडलेले. गोष्टीत धरणाची भिंत ठिबकायला लागली होती, रात्रपाळीचा चौकीदार भिंतीवर एकटा, हातात कंदील, आणि त्याला खालून कुणीतरी नावानं हाक मारतंय. मी तिथं थांबलो, नियमाप्रमाणे. मंदानं शंकू बघितले.

"पुढं जागा असेल," ती म्हणाली.

पुढं नव्हती. त्याच्या पुढंही नव्हती. मी गप्प होतो, शपथेवर सांगतो. पण मी एक विसरलो होतो, की वेग गोष्टीनं वाढतो तसा गोष्ट अडल्यानंही वाढतो. आम्ही थांबायला जागा शोधत पळत होतो. मी काट्याकडे बघेपर्यंत मागं दिवे आले होते.

गाडी बाजूला लागली. मंदाचे दोन्ही हात चाकावर तसेच. मी तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि मला प्रसादचं ते हळू आवाजातलं बोलणं आठवलं. खिडकीशी पोलीस आली, चाळिशीची माओरी बाई, गोल चेहऱ्याची.

"किया ओरा," तिनं माओरीत नमस्कार केला. "एवढी घाई कसली?"

मला आयुष्यात गोष्ट सुचायला कधी पापणी लवायचाही वेळ लागलेला नाही. मी छातीवर हात ठेवला, डोळे अर्धे मिटले, आणि इंग्रजीत सुरू केलं की मॅडम, माझं हार्ट, अचानक कळ आली, ही बिचारी मला दवाखान्यात...

बाईचा चेहरा बदलला. ती खिडकीत वाकली, अँब्युलन्स बोलावू का म्हणाली. काम फत्ते झालं होतं. अशा नवऱ्याला घेऊन जाणाऱ्या बाईला कोण पॉइंट देईल?

"अहो, हात खाली घ्या," मंदा म्हणाली.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"हात खाली घ्या आधी." तिनं माझं मनगट धरलं आणि हात छातीवरून ओढून माझ्या मांडीवर ठेवला. मग ती त्या बाईकडे वळली. मंदाचं इंग्रजी दुकानापुरतं. "मॅडम, ही इज फाइन. नो हार्ट. ही टेल्स स्टोरी. आय वॉज लिसनिंग."

पोलीसबाई माझ्याकडे बघत राहिली. "लिसनिंग?"

"येस. फॉर्टी इयर्स, आय अ‍ॅम लिसनिंग. टुडे फास्ट, बिकॉज नो पार्किंग."

आता हे सरकारी रकान्यात कसं बसवायचं? पण वेग मात्र बसला. बासष्ट, म्हणजे वीस पॉइंट्स. तिनं तिकीट लिहिलं, देताना थोडी घुटमळली आणि मला म्हणाली, "हाक कुणी मारली ते घरी पोचल्यावर सांगा." गोष्ट कुठं अडली तेही मंदानं तिला तेवढ्यात सांगून टाकलं होतं.

बराच वेळ गाडी तिथंच उभी होती.

"सुटली असतीस," मी म्हणालो.

"माहितेय."

"लायसन्स गेलं, मंदा. प्रसाद आता—"

"माहितेय हो." ती समोर बघत होती. "वास्तू तथास्तु म्हणत असते. असलं अभद्र कशाला बोलायचं? वाघ म्हणा, भूत म्हणा, मी काही म्हणते का कधी? पण हे नाही. हे गोष्टीतसुद्धा नाही."

"अगं, गाडीला कुठली वास्तू?"

"असते," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून तिनं गाडी सुरू केली.

काही आठवड्यांनी एक माणूस नोटीस घेऊन दारात आला. आजपासून तीन महिने गाडी चालवायची नाही, लायसन्स द्या. मंदानं त्याला बसवलं, चहा दिला, चिवडा दिला. मग लायसन्स देवापाशी नेऊन आणलं आणि त्याच्या हातावर असं ठेवलं, की तो बिचारा उठून उभा राहिला. "सांभाळा," ती मराठीतच म्हणाली, आणि तो "शुअर" म्हणाला.

प्रसाद बोलला होता तसाच वागला. जपानी गाडीची किल्ली त्याच्या कपाटात गेली. दर रविवारी आता तोच आम्हाला बाजाराला न्यायचा, पुढं तो आणि मी, मागं मंदा, पिशव्या मांडीवर घेऊन. तो आईशी चांगला वागायचा. दार उघडून द्यायचा, हात धरायचा. ती हात धरू द्यायची. महिन्याभरात ती म्हातारी दिसायला लागली. मला हे गोष्टीत घालता येईना, म्हणून एका रविवारी मी प्रसादला खरं काय झालं ते सांगितलं. आईला सुटायची संधी होती, माझा हात छातीवर होता, आणि तिनं तो काढला. वाघ नाही, म्हैस नाही, जसं झालं तसं.

"बाबा, पुरे आता," प्रसाद हसून म्हणाला. "आईचं लायसन्स स्पीडिंगमुळे गेलं. त्याचीही तुम्ही गोष्ट केलीत."

सत्तर वर्षं थापा मारल्या की सत्याला घरात कुणी बसायला पाट देत नाही.

पण थोड्या वेळानं त्यानं इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. अवोन्डेलच्या बाजाराकडे वळणाऱ्या गाड्या शेजारून जात होत्या. त्यानं इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलं नाही.

"आई, बाबा म्हणतात ते खरं आहे?"

"त्यांना विचार."

"त्यांना काय विचारू? ते काहीही सांगतात."

मागून पिशवीचा आवाज आला. "मला नाही बघवलं," मंदा म्हणाली. "ते हात असा ठेवून बसले होते. खोटा होता, तरी नाही बघवलं. एका लायसन्ससाठी त्यांच्या जिवावर कशाला बोलायचं?" मग जरा थांबून, "मला हवंय ते, प्रसाद. ते लायसन्स. मी मागणार नव्हते. पण मला हवंय."

प्रसादनं गाडी सुरू केली. बाजारात त्यानं कोथिंबीर घ्यायला आईला पुढं जाऊ दिलं, हात धरला नाही.

तीन महिने संपले त्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही. नुसते तीन महिने भरले की लायसन्स आपसूक परत येत नाही, जाऊन अर्ज करावा लागतो. काउंटरवरच्या मुलीनं सगळं तपासलं आणि सांगितलं की सस्पेन्शन भोगून झालं, जुने पॉइंट्स पुसले गेले, आता शून्य. मंदानं तिला दोनदा विचारलं, "झिरो?" आणि मुलगी दोनदा "झिरो" म्हणाली. बाहेर आल्यावर प्रसादनं खिशातून किल्ली काढली.

"माझे पंचेचाळीस आहेत," तो म्हणाला. "उत्तराला सांगू नकोस."

मंदानं किल्ली घेतली. मी सवयीनं पुढचं दार उघडायला गेलो.

"तुम्ही मागं बसा आज," ती म्हणाली. "प्रसाद, तू ये पुढं."

प्रसाद तिच्या शेजारी बसला, मी मागं, पिशव्यांच्या जागी. गाडी निघाली. मग प्रसादनं ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी काही सांगायला सुरुवात केली, साहेब बदललाय, नवा साहेब बोलतच नाही, प्रसादला वाटतंय की पुढच्या वर्षी त्यालाच काढतील, उत्तराला अजून सांगितलेलं नाही, झोप लागत नाही. काहीच घडत नव्हतं त्या गोष्टीत. तो अडखळत सांगत होता आणि मंदा समोर बघत अगदी सावकाश गाडी चालवत होती.

मधेच ती म्हणाली, "मग?"

तो पुढं सांगायला लागला. घराचं वळण आलं. तिनं वळवली नाही, सरळ गेली, आणि मीही काही बोललो नाही.